डिशवॉशरला वास येतोय? आधी वासाचं नाव ठरवा

"अगं, भांडी निघतात लख्ख. पण पाण्याचा पेला तोंडाशी नेला की कसंसंच होतं." समोरच्या काकूंनी पेलाच माझ्या हातात दिला. काचेवर एक डाग नव्हता, आणि नाक जवळ नेलं तर काल रात्रीच्या ऑम्लेटचा वास. त्याआधी महिनाभर काकूंनी मशीनमध्ये लिंबाची सालं ठेवून पाहिली होती. त्याने ऑम्लेटला लिंबाचा वास लागला, बाकी काही नाही.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये कामाच्या मावशींना सोसायटीत यायला बंदी झाली आणि आमच्या चार इमारतींत एकापाठोपाठ एक डिशवॉशर आले. त्यातलंच एक माझं. पहिल्या पावसाळ्यात त्याला वास यायला लागला, तो मी धडपडत घालवला, आणि तेव्हापासून कुणाच्याही मशीनला वास सुटला की बोलावणं मला येतं. वीसेक मशिनं तरी आतापर्यंत उघडून हुंगली असतील. त्यातल्या दोन-तीन ठिकाणीच टेक्निशियनची खरी गरज निघाली. बाकी सगळीकडे कुठेतरी खरकटं नाहीतर पाणी अडून बसलेलं होतं, आणि ते नेमकं कुठे हे शोधण्यातच वेळ गेला.

वास कसला, आणि कधीचा

नुसतं "वास येतो" म्हटलं की काहीच कळत नाही. घाण वासांना आपल्याकडे चांगले नेमके शब्द आहेत, ते वापरा.

इडलीचं पीठ फसफसून उतू गेल्यावर येतो तसा आंबूस वास असेल तर शितं, डाळ, कणीक असलं काहीतरी आत आंबतंय. संशय फिल्टरवर घ्यायचा. तळणीचं जुनं तेल उघडल्यासारखा खवट वास असेल तर आत तेला-तुपाचा थर बसलाय. तिथे फिल्टर कितीही धुतला तरी वास परत येतो, कारण दोष पाण्याच्या तापमानात किंवा पावडरीत असतो. वशाट वास अंड्याचा आणि मासळीचा. तो काचेच्या पेल्यात आणि प्लॅस्टिकच्या डब्यात चटकन कळतो. ओले कपडे दोन दिवस बादलीत राहिल्यासारखा कुबट वास म्हणजे बंद दार आणि कोंडलेली ओल. गटाराचा वास कुणाला ओळखून द्यावा लागत नाही. तो बहुतेक वेळा मशीनचा नसतोच, पाइपातून आलेला पाहुणा असतो. राहिला करपट वास, वितळलेल्या प्लॅस्टिकचा नाहीतर वायरीचा. हा येत असेल तर मशीनचं बटण आत्ता बंद करा आणि थेट या लेखाच्या शेवटी जा. मधलं काही तुमच्यासाठी नाही.

वासाची वेळही बघा. भांडी धुऊन झाल्या झाल्या, दार उघडताना वाफेबरोबरच वास आला तर धुण्याचं पाणीच घाण आहे. रात्री वास नव्हता आणि सकाळी आहे, तर तळाशी पाणी राहिलंय किंवा पाइपातून रात्रीत हवा वर चढलीय. मशीन बंद, दार घट्ट लावलेलं, तरी ओट्याजवळ वास, तर आत हुडकू नका. मागे आणि खाली बघा.

नवीन मशीनबद्दल एक सांगून ठेवते. पहिल्या काही धुण्यांत डांबरासारखा वास येऊ शकतो. आवाज कमी व्हावा म्हणून टाकीच्या पत्र्याला बाहेरून डांबरी थर चिकटवलेले असतात, ते तापले की वास सुटतो. काही दिवसांत आपोआप जातो. आमच्याकडे एकांनी यासाठी मशीन परत पाठवायची तयारी केली होती.

तांब्याभर पाणी

सगळ्यात स्वस्त तपासणी ही, आणि गटाराच्या वासावर पहिली हीच करायची.

मशीनचा आउटलेट पाइप कुठे सोडलाय ते शोधा. आपल्या फ्लॅटमध्ये सहसा दोनच जागा असतात: सिंकखालचा बॉटल ट्रॅप, नाहीतर ड्राय बाल्कनीतली नहाणी. दोन्हींत साधारण दोन इंच पाणी कायम साठून राहील अशी रचना असते, आणि खालच्या गटाराची हवा घरात येण्यापासून तेवढंच पाणी अडवतं. ते आटलं की वाट मोकळी. रोज चालणाऱ्या मशीनच्या नहाणीत पाणी पडत राहतं म्हणून ती सुकत नाही. पण गणपतीला पंधरा दिवस कोकणात जाऊन आलात, किंवा शेजारीच दुसरी नहाणी आहे जी बिल्डरने काढून ठेवलीय आणि तुम्ही कधी वापरलीच नाही, तर मे महिन्यात ती कोरडी ठणठणीत झालेली असते. झाडताना जाळीखालची वाटी काढली आणि परत बसवली नाही, असंही एका घरी सापडलं. तिथे मशीनचा काडीचाही संबंध नव्हता. मशीन नवं होतं म्हणून बोल त्याला लागला.

तर तांब्याभर पाणी दोन्ही नहाण्यांत आणि सिंकमध्ये ओता, खिडकी उघडा, अर्ध्या तासाने परत या. वास गेला असेल तर पुढचे उद्योग करायची गरज नाही. महिन्यातून दोनदा असंच पाणी ओतत जा.

फिल्टर

मशीनला फिल्टर असतो हे दोन वर्षांनी कळलेली माणसं मला भेटली आहेत. हसायचा अधिकार मला नाही. मला आठ महिन्यांनी कळलं. बसवायला आलेल्या मुलाने सांगितलं असेल, पण तेव्हा माझं लक्ष फरशीवर ओरखडे उठतायत का याकडे होतं.

खालचा ट्रे पूर्ण बाहेर काढा. तळाशी पेल्याएवढी उभी जाळी दिसेल. ती घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की सुटते, मग वर उचलायची. तिच्या बाजूने बसलेली चपटी, बारीक भोकांची जाळी नुसती उचलली तरी निघते. पहिल्यांदा माझ्या फिल्टरमधून निघालं ते असं: शितांचा राखाडी लगदा, कढीपत्त्याचा एक अख्खा देठ, मोहरी, लिंबाच्या बिया, औषधाच्या बाटलीवरच्या लेबलाचा चिकट गोळा, आणि दुधाच्या पिशवीचा कात्रीने कापलेला कोपरा. बोटाला लागलं ते बुळबुळीत होतं आणि साबणाने तीनदा हात धुतल्यावर वास गेला.

हे इतकं महत्त्वाचं का, तर डिशवॉशर भांडी वाहत्या पाण्यात धूत नाही. धुण्याच्या एका टप्प्यात तीन-चार लिटर पाणी घेतं आणि तेच पाणी पंपाने पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारतं. दर फेरीत ते पाणी फिल्टरमधून जातं. म्हणजे फिल्टरमध्ये आठ दिवसांचा भात सडत असेल तर तुमच्या ताटावर त्या भाताचा गरम अर्क शंभरदा शिंपडला जातो. शेवटचं स्वच्छ पाणी वरवर धुऊन नेतं, वास मागे ठेवतं.

जाळ्या कोमट पाण्याखाली, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा. तारेची घासणी लावू नका, जाळीचा विणलेला भाग फाटतो. परत बसवताना कट्ट होईपर्यंत फिरवा आणि वरून हलवून बघा. सैल बसलेल्या फिल्टरच्या कडेने बिया आणि हाडाचे कण खाली पंपात जातात, आणि तो खर्च मोठा असतो. आमच्या घरी चौघे आणि दोन वेळा भात, म्हणून मी दर रविवारी काढते. पोळी-भाजीच्या घरात पंधरा दिवसांनी चालेल.

फिल्टर बाहेर असतानाच टॉर्च लावून खालच्या खळग्यात डोकावा. थोडं स्वच्छ पाणी तिथे नेहमीच असतं आणि असायलाच हवं. सील सुकून तडकू नये म्हणून ते ठेवलेलं असतं. ते उपसत बसू नका. पण पाणी गढूळ, वर तेलाचा तवंग, किंवा खळगा भरून तळावर आलेलं असेल, तर पाणी नीट बाहेर जात नाहीये. ती गोष्ट खाली पाइपाच्या भागात आहे. हात घालण्याआधी टॉर्चने बघायचं कारण साधं आहे, फुटलेल्या पेल्याची काच तिथेच जाऊन बसते.

दाराची खालची कड

फिल्टर साफ करून आठवडा झाला, वास परत आला, असं कुणी सांगितलं की मी आता थेट गुडघ्यावर बसते. दार पूर्ण उघडलं की त्याची खालची कड टाकीच्या उंबरठ्याला जिथे मिळते ती जागा बघा. धुण्याचा फवारा तिथे कधीच पोचत नाही, पण भांडी ठेवताना ओघळणारी आमटी बरोबर तिथेच पोचते. रबर दाराच्या तीन बाजूंना असतं, खाली बऱ्याच मशिनांत वेगळी पट्टी असते, आणि तिच्यामागे जे जमतं त्याला मी नाव देऊ शकत नाही. काळं, मऊ, सायीसारखं जाड.

पंचाचा जुना तुकडा साबणाच्या गरम पाण्यात पिळून कडेखालून फिरवा. फडकं काळं येणं थांबेपर्यंत फिरवा. मग बाजूच्या रबराच्या घड्या बोटाने उलगडून आतून पुसा. काळे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. रबर कुठे फाटलेलं, कडक झालेलं, कोपऱ्यात सुटलेलं असेल तर लक्षात ठेवा. ते पुसून बरं होणार नाही, बदलावं लागेल.

पंखे

पाणी मारणारे वरचे आणि खालचे पंखे हाताने फिरवून बघा. अडतात का? उभा ठेवलेला झारा किंवा तिरकं ताट पंख्याला आडवं येतं, मग पंखा एकाच जागी पाणी मारत राहतो आणि अर्धी भांडी नुसती वाफेवर निघतात. मग भोकं. मोहरी आणि जिरं अगदी मापात बसतात त्यात, जणू त्यासाठीच बनवली आहेत. खालचा पंखा बहुतेक मशिनांत सरळ वर ओढला की निघतो. कानाशी धरून हलवा. आत खुळखुळलं तर बिया आहेत. टूथपिकने भोकं मोकळी करा आणि नळाखाली उलटा धरून पाणी सोडा.

फक्त वरच्या ट्रेमधल्या पेल्यांनाच वास येत असेल तर हे सगळ्यात आधी करा. काकूंकडे वरच्या पंख्याची निम्मी भोकं बंद होती. ऑम्लेटची ताटली खाली, पेले वर. खालचं पाणी वर उडत होतं आणि ते धुऊन काढायला वरून काहीच येत नव्हतं.

आता आपल्या सवयी

इथपर्यंत सगळं साफ केलं आणि तरी दोन आठवड्यांनी वास येतोय, तर दोष धुण्याच्या पद्धतीत आहे. हे ऐकायला लोकांना आवडत नाही. मशीन घेतलं ते कटकट नको म्हणून, आणि मी कटकट सांगते.

पहिली चूक, रोज अर्ध्या तासाचं झटपट धुणं. वीज आणि पाणी वाचतं असं वाटतं. (पाणी फारसं वाचत नाही, इको प्रोग्रॅम वेळ जास्त घेतो, पण वीज आणि पाणी दोन्ही कमी लागतं.) डिशवॉशरच्या पावडरीत एन्झाइम असतात, काही पिष्ट तोडणारे, काही प्रथिनं तोडणारे. त्यांना काम करायला वेळ लागतो आणि साधारण ५०-६० अंशांचं पाणी लागतं. अर्ध्या तासात, कमी तापलेल्या पाण्यात ते जेमतेम जागे होतात. टॅब्लेट तर कधी कधी पुरती विरघळतसुद्धा नाही. वर आपला स्वयंपाक फोडणीचा. तूप गरम पाण्यात सुटतं आणि पाणी निवलं की पाइपाच्या आतल्या बाजूला पुन्हा थिजतं. नारळाचं तेल २४ अंशांच्या खाली थिजतं. पुण्यातल्या जानेवारीत पाइपाचं तापमान त्याहून किती खाली असतं ते सांगायला नको. खवट वासाची सुरुवात इथे होते. आठवड्यातून दोनदा तरी ६५-७० अंशांचा जोरदार प्रोग्रॅम लावा, कढया आणि कुकर त्या दिवशी घाला. झटपट धुणं चहाच्या कपांसाठी ठेवा.

दुसरी, भांडी भरेपर्यंत तीन दिवस वाट बघणं. दोघांच्या घरात हे होतंच. मग दार घट्ट लावून खरकटी ताटं आत कोंडून ठेवू नका. रोज रात्री पाच-दहा मिनिटांचा नुसत्या पाण्याचा प्रोग्रॅम असतो तो लावा, आणि दार दोन बोटं उघडं ठेवा.

तिसरी चूक उलटी आहे. काहीजण भांडी आधी सिंकमध्ये जवळजवळ धुऊन मगच मशीनमध्ये लावतात. त्याची काही गरज नाही. शितं, साल, हाडं, कढीपत्ता कचऱ्यात झाडायचे, कढईतलं तेल पोळीच्या तुकड्याने किंवा कागदाने पुसून काढायचं, बस. अपवाद दोन: अंडं आणि मासळी. अंड्याची ताटली आधी गार पाण्याने विसळा. गरम पाण्याने नाही. अंड्याचं प्रथिन गरम पाण्यात शिजतं आणि ताटलीला जास्तच चिकटतं. बोंबील किंवा सुरमई तळलेली असेल त्या रात्री मशीन भरो न भरो, चालवून टाका. सकाळपर्यंत ठेवलंत तर मला फोन करू नका.

चौथी गोष्ट मीठ. बोअर आणि टँकरचं पाणी जड असतं, आणि मार्चनंतर आमच्याकडे तेच येतं. मशीनमध्ये पाणी हलकं करणारा भाग असतो, तो मिठावर चालतो. मीठ संपलं की पांढरा खरबरीत थर सगळीकडे चढतो आणि त्या खरबरीवर तेल आणि घाण छान पकड घेतात. पावडरीचा जोरही जड पाण्यात निम्मा वाया जातो. मीठ डिशवॉशरचंच घाला. घरातल्या आयोडीनच्या बारीक मिठाने गुठळ्या होतात. मिठाचा आकडा टीडीएस मीटरवरून लावू नका. टीडीएस आणि पाण्याचा जडपणा या वेगळ्या गोष्टी आहेत. जडपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, त्यांचा रंग बघून मशीनच्या पुस्तकातल्या तक्त्याप्रमाणे आकडा लावा.

धुणं संपलं की दार चार बोटं उघडं. पावसाळ्यात तर अगदी न चुकता. कुबट वासाला मला दुसरं औषध सापडलेलं नाही.

रिकामं, गरम धुणं

वरची साफसफाई झाल्यावरच हे करा. आधी केलंत तर सडक्या भाताला गरम आंघोळ घातल्यासारखं होतं.

मशीन पूर्ण रिकामं करा. लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिडचे खडे, वाण्याकडे मिळतात. तीन-चार मोठे चमचे तळावर पसरा आणि सगळ्यात गरम प्रोग्रॅम लावा. पांढरा थर विरघळतो आणि त्यात अडकलेली घाण सुटते. खवट वास असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा रिकामंच, पण या वेळी नेहमीची पावडर घालून तोच गरम प्रोग्रॅम. तेल ॲसिडने निघत नाही, त्याला पावडरच लागते. लोक इथेच फसतात. व्हिनेगरही चालतं, पण दर आठवड्याला वाटीभर ओतलंत तर रबरं लवकर जातील. दोन-तीन महिन्यांतून एकदा पुष्कळ झालं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र घालायचा सल्ला सगळीकडे फिरतो. फेस मस्त येतो. पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मशीनमध्ये उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. सोडा घालायचाच तर वेगळ्या दिवशी घाला.

आणि हे मात्र नीट वाचा. ब्लीच, टॉयलेट क्लीनर, फिनाइल यातलं काहीही मशीनमध्ये घालायचं नाही. ब्लीचने आतल्या स्टीलला खड्डे पडतात, आणि ब्लीच व्हिनेगरला किंवा लिंबूसत्वाला भेटलं तर क्लोरीन वायू सुटतो. बंद स्वयंपाकघरात तो छातीवर येतो.

आउटलेट पाइप

आंबूस नाही, खवट नाही, सकाळी दार उघडलं की गटार. नहाणीत पाणी आहे. मग पाइप.

मशीन बसवताना वेळ वाचवायला आउटलेट पाइप बऱ्याचदा जमिनीवरून सरळ नेऊन नहाणीत खुपसलेला असतो. तो असा हवा: मशीनमधून निघाला की आधी वर चढायला हवा, ओट्याच्या कडप्प्याखाली जवळजवळ टेकेल इतका, तिथे पट्टीने बांधलेला, आणि मग खाली उतरायला हवा. मध्ये चढण असली की सिंकचं किंवा नहाणीचं घाण पाणी उलटं मशीनमध्ये येऊ शकत नाही. पाइपाचं टोक नहाणीच्या पाण्यात बुडवून घट्ट कोंबलेलं असेल तर आणखी वाईट. पाणी जाताना ओढ बसते आणि थांबताना थोडं परत येतं.

तपासायला सोपी युक्ती आहे. पाइप सिंकखाली जोडलेला असेल तर मशीन बंद असताना सिंक बूच लावून भरा, मग बूच काढा आणि कुणाला तरी मशीनच्या तळाकडे टॉर्च धरून बघायला सांगा. तळाशी पाणी वाढलं, किंवा गुडगुड आवाज आला, तर वास कुठून येतो ते कळलं. सिंकचा बॉटल ट्रॅप खालून उघडून साफ करा (बादली आधी खाली ठेवा, मी विसरले होते) आणि पाइप उंच बांधा. त्याच वेळी पाइपात कुठे झोळ पडलाय का, घडी पडून चिमटलाय का, तेही बघा. झोळात पाणी साठतं, वर तूप थिजतं. पाइप कमी पडला म्हणून मध्ये जोड देऊन वाढवला असेल तर तो जोडच अनेकदा तुंबतो.

हे काम हाताला जमत असेल तर करा, नसेल तर साधा प्लंबर पुरे. त्यासाठी मशीनच्या टेक्निशियनला व्हिजिट चार्ज द्यायची गरज नाही.

इथे थांबा

फिल्टर, पंखे, दार आणि पाइप यांच्या पलीकडे स्क्रू लागतात, आणि स्क्रू आले की मी हात काढून घेते. मशीनमध्ये दोन हजार वॅटच्या आसपासचा हीटर आणि पाणी एकत्र असतं. वॉरंटी चालू असेल तर पत्रा उघडल्यावर ती गेली म्हणून समजा.

करपट वासाला थांबायची गरज नाही, लगेच बंद. स्विच बंद करून प्लगला हात लावा. गरम किंवा काळवंडलेला असेल तर एमसीबी पाडा आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. एक्स्टेंशन बोर्डावर चालवलेल्या मशिनांत हा वास मी दोनदा पाहिला. १६ अँपिअरचा स्वतःचा पॉइंट हवा. प्लग ठीक असेल तर प्लॅस्टिकचं झाकण नाहीतर चमचा खाली पडून वितळलाय का बघा. तसं काही नसेल तर टेक्निशियन येईपर्यंत मशीन लावायचं नाही, "एकदा लावून बघू" म्हणूनसुद्धा नाही.

पाणी उपसायचा आवाज येतो पण पाणी जात नाही, किंवा आवाजच येत नाही, आणि पाइप मोकळा आहे: पंप अडकलाय किंवा गेलाय. काही मशिनांत फिल्टरच्या खळग्यातच पंपावरचं छोटं झाकण हाताने निघतं आणि आत अडकलेली बी दिसते. पुस्तकात तसं चित्र असेल तरच, प्लग काढून, हातमोजे घालून करा. नसेल तर फोन.

मशीन धुणं न लावताच पाणी उपसत राहतं, किंवा खालून ओल दिसते, आणि वास बाहेरून येतो: खालच्या तसराळ्यात पाणी गळून साचलंय. आत तरंगता खटका असतो, तो पाण्याने उचलला की मशीन स्वतःच घाबरून पाणी फेकत राहतं. नळ बंद करा, प्लग काढा. ते तसराळं साफ होईल, पण गळती शोधणं आपलं काम नाही.

एका घरी हाच प्रकार होता. वास सडका, दिवसेंदिवस वाढणारा, आत सगळं स्वच्छ. मी फिल्टर दोनदा काढला, नहाणीत पाणी ओतलं, हरले. टेक्निशियनने मशीन पुढे ओढलं तर मागे उंदीर मेलेला, आणि मरण्याआधी त्याने आउटलेट पाइपला बोट जाईल एवढं भोक पाडून ठेवलेलं. दर धुण्याला थोडं खरकटं पाणी त्या भोकातून मागच्या भिंतीवर उडत होतं. पाइप बदलला, आणि भिंतीतून पाइप जातो त्या भोकात स्टीलची घासणी कोंबून वर सिमेंट लावलं.

फोन करताना "वास येतो" असं सांगू नका. समोरचा क्लीनरची बाटली विकून मोकळा होईल. कसला वास, कधी येतो, तळाशी पाणी किती राहतं, पंपाचा आवाज येतो का, स्क्रीनवर कोणता आकडा येतो, आणि काय काय साफ करून झालंय, एवढं एका दमात सांगा. काही सुटा भाग बदलायचा म्हटलं तर जुना भाग दाखवायला सांगा आणि तो आपल्याकडेच ठेवून घ्या. तो येईपर्यंत नळ बंद, प्लग बाहेर, खरकटी भांडी सिंकमध्ये, आणि वास करपट नसेल तर मशीनचं दार चार बोटं उघडं.